जाळीखालचा फोटो

आमच्या भद्रावतीत फोटो काढणारे लय आहेत, पण माणसाचा रंग जसा आहे तसाच कागदावर आणणारी एकच, सत्यशीला फुलझेले. ती माझी शेजारीण आहे म्हणून नाई सांगून राह्यली मी. शेजारीण म्हणून सांगायचं असतं तर नळाच्या पाण्यावरून सांगतलं असतं, तिथी आमचं अजूनही जमत नाई.

तिचा नवरा रामाजी खाणीवर पहारेकरी. एकच पोट्टी, दीपिका, कॉलेजात शिकते. सत्यशीलाचा भाऊ बदली होऊन नागपूरले गेला तवा आपला जुना कॉम्प्युटर अन् प्रिंटर बहिणीच्या घरी टाकून गेला. म्हणे, वापर. शाईच्या बाटल्या ओतायचा प्रिंटर होता तो. निळी, गुलाबी, पिवळी अन् काळी. ह्या बाईनं तो छपरीत टेबलावर मांडला अन् कोणाले न विचारता सुरू केला.

पहिला फोटो काढला रामाजीचाच. काय सांगू, बाप्पा! स्क्रीनवर माणूस हसून राह्यला होता, कागदावर निळाकाळा पडलेला. मी पाहून म्हटलं, "अवो, नवरा जिवंत आहे ना तुझा?" रामाजीनं तो फोटो फाडून चुलीत घातला. सत्यशीला हसली नाई. तिले तेच लागून राह्यलं, की स्क्रीनवर एक दिसते अन् कागदावर दुसरंच काऊन येते.

मंग तिनं मोबाइलवर पाहून पाहून एकेक गोष्ट धरली. स्क्रीनचा उजेड आपण लय वाढवून ठेवतो म्हणून कागद मळका वाटते, तर तो उजेड उतरवायचा. कागद कोणता घातला ते प्रिंटरले बराबर सांगायचं, नाईतर तो आपल्या मनानं शाई सोडते. फोटो ओला असताना त्याचा रंग पाहायचा नाई, वाळू द्यायचा. कोळशाची धूळ तर आमच्या गावात देवघरातही बसते, म्हणून कागद डब्यात बंद ठेवायचा. अन् एक युक्ती तिची सोताची. एका थाळीत भात, टमाटर, वांगं अन् हळदीची चिमूट ठेवली, बाजूले आपला हात ठेवला अन् दीपिकाकडून त्याचा फोटो काढून घेतला. तो छापायचा, वाळला की खऱ्या थाळीजवळ नेऊन ठेवायचा. भात गुलाबी आला, पुन्हा. भात पांढरा झाला तर वांगं तपकिरी, पुन्हा. रामाजी डबा घेऊन ड्युटीवर निघाला तर म्हणे, "ते टमाटर नोका घेऊ, लाल अजून जुळला नाई." असा संसार!

पण जुळवला तिनं. थाळीतला हात अन् कागदावरचा हात एक झाले, तवा तिनं मले हाक मारून दाखवले. मी ब्लाउज शिवते, धागा जुळवता जुळवता माझा जन्म गेला, पण मलेही त्या दोन हातांत फरक सापडला नाई.

मंग गिऱ्हाईक आलं, अन् गिऱ्हाइकासंग भांडणं आली. कारण आपल्या लोकायले रंग बराबर नाई पाहिजे, गोरा पाहिजे. मुखरूभाऊ आपल्या वारलेल्या मायचा फोटो घेऊन आले, भिंतीवर लावायले. म्हातारी उभ्या जन्माची धानाच्या बांधीत उन्हात वाकलेली, चांगली काळीभोर. मुखरूभाऊ म्हणे, "थोडी उजळ कर न बाई." सत्यशीला म्हणे, "भाऊ, उजळ केली तर ती तुमची माय नाई राहणार. दुसऱ्याच्या मायले हार घालसान का?" मुखरूभाऊ रागारागात उठले, चंद्रपूरच्या बसमध्ये बसले अन् तिथून माय पिठासारखी पांढरी करून आणली. आजही त्यायच्या घरी तीच आहे. सत्यशीला त्या घरी गेली की भिंतीकडे पाठ करून बसते. इतकी हेकट बाई.

आता मुख्य गोष्ट. दीपिकाले सिकलसेल आहे, जन्माचाच. आमच्या भागात हे काही नवलाचं नाई, दर गल्लीत एखादं घर सापडते. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, हाडं ठणकतात, अंगातलं रक्त कमी होते. डॉक्टरनं सत्यशीलाले पोट्टी लहान असतानाच बजावून ठेवलं होतं, की पोरीच्या डोळ्यात थोडी पिवळी झाक राहीनच, पण नेहमीपेक्षा जास्त पिवळे दिसले तर वाट नाई पाहायची, सरळ घेऊन यायचं. तवापासून ह्या बाईचा नेम. सकाळी चहा नंतर, आधी पोरीचे डोळे. उजेडात उभी करायची, पापणी खाली ओढायची, पाहायची. पोट्टी लहान होती तोवर ठीक होतं. मोठी झाली तशी चिडायले लागली. "आई, मी काय पपई आहे का, पिकली का नाई रोज पाहायले?" आम्ही हसलो. सत्यशीलाही हसली. हळूहळू पापणी ओढणं सुटलं, नुसती नजर टाकणं राह्यलं.

होळी झाली की आमच्याकडे अंगणावर हिरवी जाळी चढते. नाई चढवली तर माणूस भाजून निघीन, चंद्रपूरचं ऊन काही ऐकत नाई. ह्या वर्षी सत्यशीलानंही नवी जाळी आणून अंगण अन् छपरी दोन्ही झाकले. झालं, तिचे फोटो बिघडले. जाळीच्या उजेडात तिले सगळे फोटो हिरवट दिसायचे, म्हणून ती गुलाबी वाढवायची, अन् फोटो रस्त्यावर नेला की नवरदेव पिऊन आल्यावाणी लाल. लोकं परत आणून द्यायले लागले. आधी तिनं प्रिंटरले शिव्या घातल्या, मंग एकदा दोन्ही हातात फोटो घेऊन उन्हात जाऊन उभी राह्यली तवा समजलं, की शाई बराबर आहे, उजेडच खोटा आहे.

तेव्हापासून तिनं फोटो पाहायचा तर रस्त्यावर जाऊनच, असा नेम केला. अन् अंगणात काढलेल्या फोटोसाठी एक माप बसवलं. जाळीखाली कोरा पांढरा कागद धरून त्याचा फोटो काढला, अन् तो स्क्रीनवर पुन्हा पांढरा होईपर्यंत हिरवा-पिवळा किती काढावा लागते ते पाह्यलं. तेवढंच माप मंग अंगणातल्या दरेक फोटोतून काढायचं. जाळीचा रंग गेला की माणसाचा रंग उरते, असं तिचं म्हणणं. अन् खरंच उरायचा.

त्याच दिवसात दीपिकासाठी स्थळ आलं, नागभीडकडचं. पोरगा शिक्षक, मायबाप समजदार. सत्यशीलानं पहिल्याच भेटीत सिकलचं सांगून टाकलं, काही लपवलं नाई. पोरानं आपली तपासणी करून घेतली, त्याच्यात दोष नव्हता. त्याचे मायबाप म्हणे, "पोरगी शिकलेली आहे, आम्हाले चालते. घरच्या मोठ्यायले दाखवायले एक चांगला फोटो द्या." मी सांगते, त्या दिवशी सत्यशीलाचे पाय जमिनीवर नव्हते. सिकलवाल्या पोरीले कोण विचारते, हे ऐकत ऐकतच तिनं ती पोरगी वाढवली होती.

रविवारी फोटो काढला. बाहेर उभं राहवत नव्हतं म्हणून अंगणातच, जाळीखाली. दीपिकानं निळी साडी नेसली, मी निऱ्या बसवून दिल्या. पोट्टी थोडी थकल्यावाणी वाटली मले, तसं मी म्हटलंही. ती म्हणे, "ऊन आहे न काकू." मी म्हटलं, हाव, ऊन तर आहेच.

संध्याकाळी सत्यशीलानं छापलेला फोटो मले रस्त्यावर आणून दाखवला. काय सुंदर आली होती पोट्टी! साडी तीच निळी, गालाचा सावळा रंग तोच, कुठी पावडर फासल्यासारखी नाई. अन् डोळे पांढरेशुभ्र. माझे तर डोळे भरून आले. फोटो नागभीडले गेला.

बुधवारी दीपिका उठलीच नाई. पाठ अन् मांड्या धरून ओरडून राह्यली होती. बसची वाट पाहायची सोय नव्हती, रामाजीनं खाणीवरच्या ओळखीच्या माणसाची गाडी आणली अन् आम्ही चंद्रपूरचा दवाखाना गाठला. मी मागे बसून पोरीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. उन्हाच्या उजेडात तिचे डोळे पाह्यले. हळद कालवल्यासारखे पिवळे.

डॉक्टरनं पापणी ओढली अन् विचारलं, "डोळे कधीपासून इतके पिवळे आहेत?"

रामाजी म्हणे, "कालपासून असतील साहेब."

सत्यशीलानं मोबाइल काढला. त्यात रविवारचा मूळ फोटो होता, काहीच न केलेला. तो तिनं डॉक्टरच्या पुढे धरला. "रविवारपासून," म्हणाली.

डॉक्टरनं फोटो पाह्यला अन् आवाज चढवला. "रविवारी दिसत होतं, तर रविवारीच का नाही आणलं? तुम्हाला सांगून ठेवलंय ना?"

रामाजी बायकोच्या पुढे येऊन उभा राह्यला. "साहेब, आमच्या अंगणात हिरवी जाळी आहे. तिच्याखाली सगळंच पिवळं दिसते. तिले कसं समजीन?" मीही पुढे झाली. म्हटलं, "हाव डॉक्टर, जाळीच आहे ती. मी तिथीच होती, मलेही नाई समजलं."

"नाई," सत्यशीला म्हणाली. आमच्याकडे न पाहता. "जाळीचा रंग मी आधीच काढला होता. माप लावलं, तशी भिंत पांढरी झाली, साडी निळी झाली, गाल बराबर आले. डोळे तेवढे पिवळे राह्यले. जाळीचा असता तर तोही गेला असता. मले ते दिसलं. मंग मी स्क्रीनवर डोळे मोठे करून घेतले अन् पिवळा वेगळा पुसला. हातानं, दोन्ही डोळ्यायचा."

रामाजी म्हणे, "काऊन?"

"मले पांढरे पाहिजे होते."

खरं सांगते, त्या घडीले मले तिचा असा राग आला की एक थापड ठेवून द्यावी वाटली. दुसऱ्याच्या मायले काळी ठेवणारी तू, लोकायले शहाणपण शिकवणारी तू, अन् पोटच्या पोरीच्या डोळ्यातलं दुखणं पुसून टाकलं? अन् मंग तिच्या तोंडाकडे पाह्यलं तर माझा राग कुठच्या कुठी गेला. ती रडतही नव्हती. मीच रडली, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून, जशी काई पोरगी माझीच होती.

दीपिकाले रक्त चढवलं. वाचली, पण लय हाल झाले. डॉक्टर म्हणे, रविवारी आणली असती तर इतकं नसतं झालं. तेवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले. सत्यशीला ते ऐकून तिथीच खाली फरशीवर बसली.

नागभीडच्या लोकायले फोटो पसंत पडला होता. त्यायचा फोन आला तवा सत्यशीला दवाखान्यातच होती. मी म्हटलं, आता काही बोलू नको, घरी गेल्यावर पाहू. ऐकते का ती? फोनवर सरळ सांगतलं, "फोटोतले डोळे खोटे आहेत. पोरगी दवाखान्यात आहे, तिचे डोळे पिवळे आहेत. दुसरा फोटो पाठवते." पलीकडून माणूस म्हणे, घरी विचारून कळवतो. अजून कळवलं नाई. दीपिकाले हे सांगतलं तवा ती मायवर ओरडली नाई. तोंड भिंतीकडे करून झोपली, अन् मायच्या हातचं दोन दिवस जेवली नाई. माय जेवण माझ्या हातात देऊन बाहेर थांबायची.

आता घरी आले आहेत. लोकं येतात, ती फोटो छापून देते, रंग पहिल्यासारखाच बराबर येते. पण पोरीचे डोळे ती पाहत नाई. म्हणे, "सरिताबाई, तुम्ही पाहा. माझ्या डोळ्यायवर माझा भरोसा नाई राह्यला. मले जे पाहिजे तेच दिसते." मी लय भांडली. म्हटलं, अवो, माय तू आहेस, मी नाई. पण ती हटली नाई. म्हणून रोज सकाळी दीपिका माझ्या दाराशी येते, रस्त्यावर उन्हात उभी राहते अन् आपणच आपली पापणी खाली ओढते. आता पपईची गंमत करत नाई. सत्यशीला तिच्या मागे, आमच्याकडे पाठ करून उभी. मी पाहते अन् मोठ्यानं सांगते, "चांगले आहेत वो!" तवा कुठी ती घरात जाते.

काल मात्र मले पक्कं सांगता आलं नाई. थोडे पिवळे होते का? आदल्या दिवसापेक्षा जास्त का नेहमीसारखेच? मी पोट्टीले जरा इकडे वळवलं, जरा तिकडे वळवलं, पुन्हा पाह्यलं. "चांगले आहेत" हे अजून माझ्या तोंडातून निघालं नव्हतं. मान वर केली तर सत्यशीला चपला घालून, दवाखान्याची पिशवी खांद्याले लावून बस स्टँडच्या रस्त्याले लागली होती, अन् मागे वळून न पाहता पोरीसाठी हात मागे धरला होता.