वेस्ट्रीतली खुंटी

तुमचे आजोबा गेल्याचा मेसेज चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर टाकायला मी चष्मा शोधत होते, तेवढ्यात सेक्रेटरी शांतवनने तो टाकलाही. ‘नम्र मेंढपाळ प्रभूत निजला.’ सहा आठवडे झाले, तुम्ही दोघं टोरांटोहून अजून तेच वाक्य मला पाठवता, म्हणून हे लिहिते आहे. आजोबा हुशार होते, उत्तम गायचे, नागपूरच्या उन्हात सायकल हाणत दुखणाइतांना भेटायला जायचे. नम्र मात्र ते एक दिवसही नव्हते.

वेस्ट्री म्हणजे चर्चच्या मागची लहान खोली. उपासनेआधी पाळक तिथे झगा चढवतो. आमच्या वेस्ट्रीत खुंटी एकच. निवृत्तीच्या समारंभात आजोबांनी शाल घेतली, ‘आता तरुणांनी पुढे यावं’ असं भाषण केलं, बायका रडल्या... आणि झगा खुंटीवर तसाच ठेवून घरी आले. पाळकांचा बंगला सोडून आम्ही मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये आलो, तरी दर शनिवारी तो झगा घरी यायचा, मी इस्त्री करायची, आणि रविवारी पहिल्या घंटेआधी तो पुन्हा खुंटीवर. नव्या पाळक, रेव्हरंड सुनीता, आपला झगा खुर्चीच्या पाठीवर टाकायच्या.

आजोबा पहिल्या बाकावर बसत. सुनीताचा उपदेश जरा लांबला की चष्म्याचं घर मिटायचे. टक्. तेवढा आवाज कमिटीला पुरे होई. कमिटी म्हणजे सात घोडे. सभा प्रार्थनेने सुरू करायचे आणि शिव्यांनी संपवायचे. अर्ध्यांना आजोबा परत हवे होते, उरलेल्यांना सुनीता नको होती. दोन्ही एकच, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही, म्हणून दोन वर्षं भांडले. लोक बाप्तिस्म्याची तारीख विचारायला आमच्या घरी येत, आणि आजोबा कॅलेंडर काढत. ‘पाळकांना विचारा’ हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत.

एका शनिवारी सुनीता घरी आली. चहाला हात लावला नाही. “आई, साहेबांना एकदा सांगा ना. त्यांनी उपासनेत उभं राहून एवढंच म्हणावं, की आता पाळक ही आहे. नाहीतर मला जावं लागेल.”

जेवताना मी सांगितलं.

“मी कुणाला अडवलंय?” म्हणाले, आणि आमटी वाढून घेतली.

मी काय केलं, विचाराल. उठले आणि झग्याला इस्त्री केली. त्या सात जणांना मी नावं ठेवते, पण त्या झग्याची घडी माझ्याच हातची होती.

पुढच्या महिन्यात सुनीताने उमरेडला बदली मागून घेतली. त्यानंतर दोन पाळक आले आणि गेले.

झग्यातच पुरावं ही आजोबांची इच्छा होती, तसं पुरलं. विधी कोणी करायचा यावर, प्रेत घरात असताना, कमिटीचं एकमत होईना. शेवटी मीच सुनीताला फोन केला. एसटीने आली, फार सुंदर प्रार्थना केली. नंतर वेस्ट्रीत झगा काढून तिने खुर्चीच्या पाठीवर टाकला.

“खुंटी रिकामी आहे गं,” मी म्हटलं.

“राहू द्या आई... हात तिकडेच जातो.”

गेल्या रविवारी पाहते तर खुंटीवर आजोबांचा फोटो, हारासकट. मी तो उतरवायला लागले तसा शांतवन धावत आला.

“आई, फोटो काहून काढून राहिल्या तुम्ही? साहेबांची आठवण आहे ते.”

“पुढच्या रविवारी नवे पाळक येणार. त्यांनी झगा कुठे टांगायचा?”

“खुर्ची आहे नं, आई.”

मी फोटो पिशवीत घातला आणि रिक्षाने घरी आणला. आता तो इस्त्रीच्या टेबलावर आहे. काल शनिवार होता. सवयीने इस्त्री लावली, तापली, आणि टेबलावर हे एकटेच. मी प्लग काढला. त्यांना म्हटलं, बसा आता घरी.