चिरक्या गेला, असं कुंडलिक म्हणाला

कुंडलिक विहिरीत सुरुंग लावायचा. निरगुडसरच्या काळ्या पाषाणात त्याने किती विहिरी फोडल्या, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. वाती पेटवून वर यायचं, लांब जाऊन बसायचं आणि बार मोजायचे. सात भरले असतील तर सात ऐकू आले पाहिजेत. सहाच आले तर एक खाली जिवंत आहे, कोणी उतरायचं नाही. माणसं त्याच्या मोजण्यावर विश्वासून विहिरीत उतरत.

माझे यजमान इथे गुरांचे डॉक्टर होते आणि पाखरांचे वेडे. रातवा हा तिन्हीसांजेला किडे टिपत उडणारा पक्षी. आमच्या माळावर त्याच्या दोन जाती. जमिनीवर बसल्या की दोन्ही वाळल्या पाल्यासारख्या. पुस्तक हातात असूनही यजमानांना त्या वेगळ्या ओळखता येत नसत. कुंडलिकने त्यांना बांधावर बसवून शिकवलं.

"डाक्टर, डोळं मिटा. टक-टक-टकरर करतो, फरशीवर गोटी सुटल्यावानी, त्यो टकटक्या. अन् उडता उडता बारीक चिरकतो, त्यो चिरक्या. तुमच्या पुस्तकाला कान न्हाईत, त्याला काय करायचं?"

१९९५ साली यजमान गेले. त्यानंतरही उन्हाळ्यात कुंडलिक संध्याकाळी यायचा आणि मी डायरी घेऊन बांधावर जायचे. तो सांगे, मी लिही. ७ एप्रिल १९९६ च्या पानावर आहे : 'चिरक्या नाही. टकटक्या दोन.' पुढे सबंध उन्हाळा तेच, आणि ९७ चा उन्हाळाही तसाच.

"गेला त्यो, बाई," तो म्हणाला. "कालवा आला, माळ फोडून ऊस लावला. कुठं ऱ्हाईल?"

मला मधूनच एक बारीक आवाज येई. किडा असेल असं समजून मी गप्प बसे. पाखरांच्या बाबतीत त्याच्यापुढे मी काय बोलणार?

३ मे १९९८. ऊन नुकतंच उतरलं होतं. डोक्यावरून एक रातवा गेला आणि चिरकला. वळताना त्याची शेपटी पसरली. दोन्ही कडा पांढऱ्याशुभ्र. टकटक्याच्या शेपटीला पांढरं असतं ते फक्त टोकाशी.

"बाई, ह्यो तर चिरक्या."

"हो."

"मुका झाला का काय?" कुंडलिक हसला. मी हसले नाही. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "बोलला?"

नाही म्हणता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो सावळेरामच्या विहिरीत नऊ बार भरणार होता. नंतर चार माणसं खाली उतरणार होती.

"बोलला. दोनदा."

तो माळाकडे वळला. "म्हंजी त्यो हितंच व्हता. अन् मी बार मोजीत व्हतो."

सकाळी त्याने वातीचं भेंडोळं जोडीदार भागूच्या हातात दिलं आणि तो घरी आला. लोकांनी थट्टा केली. "भाऊ, पाखरावरून धंदा सोडतो व्हय? बाराचा आवाज तर येतोय की."

"आज येतोय," तो म्हणाला. "येईनासा झाला, तर ते मला कोन सांगल?"

पुढे तो दुसऱ्याच्या मळ्यात राखणीला राहिला. उन्हाळ्यात मात्र बांधावर यायचा. चिरक्या बोलला की मी एक बोट वर करी. तो मान हलवी. २००२ पासून टकटक्यासाठीही दोन बोटं करावी लागली. माझ्या गुडघ्यांमुळे मला पुष्कळदा जाता येत नसे. तो एकटाच बसून परत जाई.

कुंडलिक २००४ च्या डिसेंबरात गेला. बाराव्याला मी त्याच्या घरी गेले. त्याची बायको प्रयागबाई माझा हात धरून बसली.

"पाखरांच्या दिसात घरी आले की सांगायचे, आज दोगंबी बोलले."

"मी गेले नाही त्या दिवशीही?"

"त्या दिवशी तर लई बोलले म्हनायचे."