तोटीवरचं नाव

घरच्या जुन्या फ्रिजला बिअरचं पिंप जोडायचं मी ठरवलं, तेव्हापासून बायको माझ्याशी धड बोलत नव्हती. त्यात तोटी कोणती बसवावी हेही ठरेना. नागपूरहून दोन आणल्या होत्या. एक बारीक, फेस आवरणारी. दुसरी जाड, धुवायला सोपी. शेवटी सल्ला विचारायला भंडाऱ्यातल्या ओळखीच्या पितळी भांड्यांच्या दुकानात गेलो.

मालक जेवायला गेला होता. दारात भांड्यांवर नावं कोरणारा म्हातारा बसला होता. त्याचं स्वतःचं नाव मला आजही ठाऊक नाही. लग्नात द्यायचा गुंड, म्हणजे पाण्याचं पितळी भांडं, मांडीत धरून, जीभ दातांत दाबून त्याची टकटक चालली होती. माझ्या तोट्या पाहून त्याने गुंड बाजूला ठेवला आणि चष्मा पुसला. मी त्याला फेस, दाब, गंज सगळं समजावून सांगितलं.

"ते तुमचं तुमी पाहा," तो म्हणाला. "पन बारकीवर नाव कुठं टाकू? जाडीच घ्या."

"तोटीवर नाव कायले?"

"बिनानावाची वस्तू घरात ठेवाची नाई, भाऊ. येनारा जानारा आपलीच समजते. फ्रिज कोनाचा?"

"बायकोच्या माहेरचा."

पुढे त्याने फक्त तिचं नाव विचारलं.

घरी तोटीवरचं 'सौ. मंगला' तिने बोटाने चाचपलं आणि कित्येक दिवसांनी हसली.

आता दोस्त येतात, पेले घेऊन रांगेत उभे राहतात. मीही त्यातच. तोटीच्या दांडीवर हात तिचा. दुसऱ्यांदा पेला पुढे केला की ती म्हणते, "नाव वाचता येते ना?"