घोंगड्याआडचे हात

मेलेल्या माणसाला "बाबा, आता हलू नका" असं सांगणारा फोटोग्राफर जामखेड तालुक्यात माझ्याआधी कुणी झाला असेल, असं वाटत नाही. सवय, दुसरं काय! माझा कॅमेरा लाकडी, आत काचेची प्लेट. सावलीत फोटो काढायचा तर भिंगावरचं झाकण हाताने काढायचं, मनात एक-दोन म्हणायचं आणि झाकण परत लावायचं. तेवढा वेळ समोरच्याने दगड होऊन बसायला हवं. त्यामुळे काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढलं की ते वाक्य आपोआपच तोंडातून पडे.

त्या दिवशी ते पडलं आणि सगळं अंगण माझ्याकडे वळलं. खुर्चीशेजारी उभा असलेला थोरला मुलगा म्हणाला, "ते न्हाई हलनार. तू हलू नको म्हंजी झालं."

ही एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराची गोष्ट. एसटी स्टँडच्या रस्त्याला आमच्या राहत्या घराची पुढची खोली म्हणजे स्टुडिओ आणि मागची मोरी म्हणजे डार्करूम. मोरीत राज्य बायकोचं. प्लेटी धुणं, प्रती काढणं, वाळवणं सगळं तिच्याकडे. माझ्याकडे बोलावणं आलं की कॅमेरा खांद्यावर टाकून खेडोपाडी जायचं आणि तिथल्या शिव्या खायच्या, एवढंच काम. पोराचं जावळ, मुलीचा दाखवायचा फोटो, नवी बैलजोडी आणि अधूनमधून असं मयत. आयुष्यात एकदाही फोटो न काढलेल्या माणसाला शेवटच्या दिवशी नवा फेटा बांधून खुर्चीत बसवत. नातवंडांना दाखवायला चेहरा तरी राहावा म्हणून.

या म्हाताऱ्यालाही तसंच बसवलं होतं. छाती धोतराच्या पट्टीने खुर्चीला बांधलेली, वरून कोट, गळ्यात हार. दोन मुलगे दोन बाजूंना. इस्त्रीच्या टोप्या घातलेले, पण एकमेकांकडेही न बघणारे. त्यांच्यात एकाच गोष्टीवर एकमत होतं, ते म्हणजे मागच्या दाराशी उभ्या असलेल्या बाईवर.

तिच्याविषयी मला फेटा बांधणाऱ्याने हळूच सांगितलं. पहिली बायको गेल्यावर म्हाताऱ्याने या विधवेशी पाट लावला होता. तेव्हापासून ती मळ्यातल्या घरात त्याच्याबरोबर नांदली. मुलांनी तिला गावातल्या घराचा उंबरा ओलांडू दिला नाही. तिला सगळे 'मळ्यातली' म्हणत. पाटाला हजर असलेली जुनी माणसं एकेक करून गेली होती, आणि म्हाताऱ्याने सकाळी डोळे मिटल्यापासून मुलांनी नवीनच बोलायला सुरुवात केली होती. पाट कसला न् काय कसला, बाई ठेवलेली होती. दहावं झालं की मळा मोकळा करायचा.

तिचं मागणं एवढंच होतं की फोटोत नवऱ्याच्या डाव्या अंगाला उभं राहू द्यावं. अजून कपाळावर कुंकू होतं, हातात हिरव्या बांगड्या होत्या. थोड्या वेळाने दोन्ही जाणार होती. थोरल्याने तिला उत्तरच दिलं नाही. मला मात्र दिलं. तिच्या लुगड्याचा काठ जरी फोटोत दिसला, तर माझा डबा तिथल्या तिथे चुलीत घालीन म्हणाला. डबा म्हणजे माझा कॅमेरा. मी मान डोलावली. मी अशा वेळी फार चांगली मान डोलावतो.

पण म्हाताऱ्याची मान काही राहीना. फडक्यात शिरून बघावं, तर उलट्या दिसणाऱ्या चित्रात हनुवटी छातीवर. वर करावी, की परत खाली. शेवटी मीच शहाणपणा केला. म्हटलं, तान्ह्या पोराच्या फोटोला आम्ही आईला काळ्या कापडाखाली लपवतो आणि ती मागून पोर धरते. तसं एखाद्याने घोंगडं पांघरून खुर्चीमागे उभं राहावं, फेट्याच्या पाठीवर सोडलेल्या शेमल्याखालून मान धरावी. काळ्यात काळं, काही दिसत नाही.

मुलं फोटोत हवी होती. बाकीचे मयताची मान धरायला पुढे येईनात. थोरल्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मग तोंड वाकडं करून म्हणाला, "तिला धरू द्या की. इतकी वर्सं तिनंच धरली हुती मान."

चारदोन माणसं हसली. मला वाटलं, बाई आता कडाकडा बोटं मोडील. ती पुढे आली, घोंगडं डोक्यावरून घेतलं आणि मागे उभी राहिली. शेमला सारखा करायला मी जवळ गेलो, तेव्हा घोंगड्यातून आवाज आला, "भाऊ, उद्या मला हाकलतील. मी त्यांची कोन हुते, ते दावायला माझ्यापाशी कायसुदिक न्हाई."

मी ऐकलंच नाही असं दाखवून कॅमेऱ्याकडे परतलो.

"इकडं बघा. हलू नका."

दोघा भावांनी श्वास धरून माझ्याकडे डोळे लावले, आणि त्यांच्या मागे घोंगडं खाली सरकलं. कुंकू लावलेला तिचा चेहरा वर आला. बांगड्यांचे दोन हात पुढे आले आणि म्हाताऱ्याची हनुवटी त्यांनी ओंजळीत घेतली. माझ्या पाठीमागच्या गर्दीत कुणीतरी खाकरलं. बोललं कुणी नाही. झाकण माझ्या हातात होतं. थांबवायचं तर थांबवता आलं असतं. मी झाकण काढलं, एक-दोन म्हटलं आणि लावलं. तो धीर होता की भीतीने हात आपोआप चालला, मला अजून उलगडलेलं नाही. थोरल्याने वळून पाहिलं तेव्हा मागे नुसतं काळं घोंगडं होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी तो फोटो न्यायला दुकानात आला. प्रत पाहिली आणि त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. माझ्या आईवरून, बापावरून आणि मधल्या सगळ्यांवरून त्याने बोलून घेतलं. मग म्हणाला, "खोड हिला."

मी ब्रश घेतला. खरंच घेतला, त्याच्यापुढे मला दुसरं काही सुचेना. चेहरा पुसता येईल म्हटलं. पण हात पुसायचे तर हनुवटी जाते. हनुवटी त्या हातांतच आहे.

"मंग?"

"मग वडील बिनहनुवटीचे दिसतील."

त्याने फोटो परत हातात घेतला आणि बराच वेळ पाहत राहिला. त्याच्या बापाचा तेवढा एकच चेहरा जगात उरला होता, आणि तो तिने धरून ठेवला होता. फ्रेमवाल्याकडून काहीतरी करून घेतो म्हणाला, फोटो पिशवीत कोंबला, आणि मूळ काच मागितली. त्याच्यासमोर फोडायची. मी कपाटातून प्लेट काढून दिली. त्याने ती आमच्या उंबऱ्यावर आपटली, तुकड्यांवर चपलेची टाच फिरवली आणि गेला.

मी काचा वेचत बसलो. एका मोठ्या तुकड्यात नेमकी एक बांगडी शाबूत राहिली होती. मनात म्हटलं, झालं, त्या बाईच्या हातात आता काही लागत नाही, आणि प्लेट काढून देणाराही मीच.

बायको मोरीतून हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "असू द्या, बोट कापाल. ती कालच येऊन गेली, तुम्ही दुपारचे झोपला होतात तेव्हा. सुतकात पायी आली होती बिचारी. प्रत ओलीच होती, तशीच पदराखाली धरून गेली. तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही. तुमच्यावर कुणी जरा आवाज चढवला, की तुम्ही न विचारलेलंसुद्धा सांगून मोकळे होता."