निवडलेले दाणे

बालवाडीच्या बाई मुलाशी बोलताना आधी जमिनीवर बसत. पडलेली वस्तू उचलून देत नसत, मूल स्वतः उचलेपर्यंत थांबत. आणि रोज न चुकता मुलांकडून राजमा-चवळी वेगळी करून घेत.

आजोबांना यात काहीतरी काळंबेरं दिसलं. त्याच बालवाडीत जाणारी त्यांची नात चार वर्षांची झाली, तरी तिच्या बोटांत पेन्सिल ठरत नव्हती.

"पोरांना राबवून बाई घरचं निवडण उरकतेय. उद्याच पोरीचं नाव शाळेतून काढतो," ते सुनेला म्हणाले.

"बाबा, आधी डोळ्यांनी बघा तरी!"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते खिडकीआड दबा धरून उभे राहिले. बाईंनी निवडलेले सगळे दाणे एका परातीत ओतले आणि दोन्ही हातांनी कालवून टाकले.

"अहो, केलेलं सगळं मातीत घातलंत की!" आजोबा ओरडले.

बाई दचकल्या, मग हसल्या. "उद्या पुन्हा निवडायला नकोत का? तुमची नात आधी मुठीनंच दाणे उचलायची. आज चिमटीत एकेक दाणा धरला तिनं."

आजोबांनी नाव काढलं नाही.

महिन्याभरात बाई अचानक वारल्या. शाळेतल्या त्यांच्या टेबलावर नातीच्या बोटांच्या सरावासाठी शिवायला घेतलेली कापडी पट्टी होती. काजं पाच होती, बटणं दोनच शिवून झाली होती.