फिटरनानांचा कान

पहिल्याच भेटीत फिटरनानांनी माझ्या सायकलची सीट काढली आणि शेडमधल्या कुत्रीला टेकायला दिली. मी विचारलं, अहो, मग मी बसू कशावर? त्यावर अख्ख्या पोलादपूर स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "बसायचं हाय तर एस्टीत बस. दगडावर चढायची सायकल ना ही? मग सीट कशाला पायजे?" मी तणतणत निघणार होते. पण तोवर त्यांनी मडगार्ड, स्टँड, घंटी आणि माझ्या आईने हँडलला बांधलेली लिंबू-मिरचीसुद्धा उतरवली होती. उरलेला सांगाडा घेऊन महाडला कुठल्या तोंडाने जायचं, म्हणून थांबले. थांबले ती सात वर्षं थांबले.

नाना महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत तीस वर्षं फिटर होते, तेही कॉम्प्रेसर हाऊसमध्ये. निवृत्त झाल्यावर आमच्याकडची माणसं कलमं लावतात, नाहीतर देवळाच्या कमिटीत शिरून भांडणं लावतात. नानांनी रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकली आणि लोकांच्या सायकली छाटायला घेतल्या. भाच्याने मोबाइलवर कुठल्यातरी परदेशी बाप्याचा व्हिडिओ दाखवला होता, गाडीच्या टपावरून भिंतीवर सायकलने उडी मारतानाचा. भाचा त्या बाप्याकडे बघत होता. नाना म्हणाले, चेन बघ त्याची, किती आखूड ठेवलीय. एवढ्यावर त्यांचं म्हातारपण मार्गी लागलं.

मी तेव्हा त्याच वसाहतीत एका लॅबमध्ये नोकरी करायचे आणि सुट्टीच्या दिवशी सावित्रीच्या पात्रात धडपडायचे. उन्हाळ्यात नदी आटली की काळे दगड उघडे पडतात. त्यांच्यावर पाय न टेकवता सायकल चढवायची, एका दगडावरून दुसऱ्यावर उडी टाकायची, याला ट्रायल्स म्हणतात. माझी आई याला जे म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. लग्नाच्या वयाच्या मुलीने हे करावं, ही तिची मुख्य तक्रार होती. लग्नानंतर केलं असतं तर चाललं असतं की काय, हे तिने कधी स्पष्ट केलं नाही.

पार्ट निवडणं हा नानांचा देवधर्म. गिऱ्हाईक मोबाइलवर निळे-सोनेरी पार्ट दाखवायचं, की नाना विचारायचे, रंग कोणाला दाखवायचाय, नदीतल्या माशांना? दोन क्रँक, म्हणजे पॅडलचे दांडे, दोन हातांत घेऊन, डोळे मिटून, नारळ निवडावा तसे तोलायचे. गणपतीला गावी आलेला एक मुंबईकर पैलवान हलके बोल्ट मागायला आला. अमुक धातूचे लावले तर सायकल दोनशे ग्रॅमने उतरेल, असं तो फार अभ्यासूपणे सांगत होता. नानांनी त्याच्या पोटाकडे बघितलं. म्हणाले, "आधी हितनं दोन किलो काढ. फुकटात व्हईल." पैलवान रागावला, पण चहा पिऊन गेला.

ब्रेकचं त्यांचं शास्त्र वेगळंच. नव्याकोऱ्या रिमवर ग्राइंडर फिरवून ओरखडे पाडायचे आणि वर डांबराचा पुसटसा हात मारायचा, म्हणजे चाक जागच्या जागी खिळतं. वरंध घाटातलं रस्त्याचं काम आमच्या हयातीत संपायचं नाही, त्यामुळे डांबराला कधी तोटा पडला नाही. तो ब्रेक दाबला की असा काही केकाटायचा की शेजारचा वडापाववाला हातातला झारा टाकून शिव्या द्यायचा. नानांना मात्र त्याचा काडीचा त्रास व्हायचा नाही. आम्हाला वाटायचं, काय निगरगट्ट माणूस आहे.

पण नानांची खरी ख्याती होती ती त्यांच्या कानाची. जुनी फ्रेम असो की फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, नाना तारेने आढ्याला टांगायचे आणि दहा-अकराच्या पान्याने हलकेच ठोकायचे. धातू निरोगी असला तर आवाज खणखणीत येतो आणि लांबवर रेंगाळतो. आत कुठे तडा असला तर बद्द येतो, फुटक्या घागरीवर टिचकी मारल्यासारखा. महाडपासून पार हिरकणीवाडीपर्यंतचे सायकलवेडे आपापलं भंगार घेऊन यायचे आणि नानांनी "खणखणीत" म्हटलं की निश्चिंत मनाने हातपाय मोडून घ्यायला जायचे.

तिसऱ्या वर्षी माझ्या चुलतभावाने मुंबईच्या जुन्या बाजारातून माझ्यासाठी एक फोर्क आणला. नानांनी टांगला, ठोकला आणि गर्जले, "खणखणीत हाय." मला बद्द ऐकू आला. अगदी स्वच्छ. पण ज्या माणसाने तीस वर्षं लोखंड ऐकलं त्याच्यापुढे मी कोण लागून गेले? माझाच कान फुटला असेल म्हटलं आणि फोर्क बसवून घेतला.

पुढच्या रविवारी सकाळी छातीएवढ्या दगडावरून मी पुढच्या चाकावर उतरले आणि फोर्क उसासारखा मोडला. खांद्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मात्र खणखणीत आला. नाना काठावर छत्री उघडून बसलेले असायचे. ते छत्री टाकून, चपला टाकून, त्या तापलेल्या दगडांवरून अनवाणी धावत आले. घरी आईने त्यांना चहा दिला आणि सांगितलं, हिचे नाक-डोळे तेवढे राहिलेत, तेही काढून न्या आता.

त्यानंतर दर दोन दिवसांनी नाना केळी घेऊन घरी यायचे. प्रत्येक वेळी तेच म्हणायचे, ठोकला तेव्हा खणखणीत होता, तूही होतीस ना तिथे? मी मान डोलवायचे. तोवर माझ्या लक्षात आलं होतं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी त्यांची मान वळत नव्हती. आई मागून बोलली की ते केळी सोलत राहायचे. ते ओरडून बोलायचे ते तापटपणामुळे नव्हेच. कॉम्प्रेसरने त्यांचा कान केव्हाच खाल्ला होता आणि हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. सांगावं तर शेड बंद पडणार, आणि शेड बंद पडली तर नाना उरणार कुठे? न सांगावं तर आणखी कोणाचं तरी हाड जाणार, कदाचित मान. माझ्यावर नानांचा जीव होता आणि माझाही त्यांच्यावर होता, म्हणून मी गप्प बसले, असं म्हणायला आवडेल. खरं म्हणजे मी घाबरले होते.

पाचव्या आठवड्यात गळ्यात हात अडकवून शेडवर गेले. वरंधचा एक जण कंपनीतली पाळी संपवून आला होता, सोबत जुन्या बीएमएक्स सायकलची फ्रेम. घाटातल्या उतारावर चालवणार, असं कौतुकाने सांगत होता. नानांनी फ्रेम टांगली, ठोकली. "खणखणीत. जा घेऊन." बद्द होती. माझ्या फोर्कपेक्षा बद्द. त्याने फ्रेम काखोटीला मारली, शेडच्या दाराशी गेला, आणि मी नानांसमोर, त्यांना ओठ दिसतील अशी उभी राहून म्हणाले, "नाना, बद्द आहे."

नानांनी त्याच्याकडून फ्रेम घेऊन परत टांगली. पुन्हा ठोकली. मग स्क्रूड्रायव्हर फ्रेमला लावून त्याची मूठ कानामागच्या हाडावर टेकवली, बेअरिंग तपासताना फिटर लावतात तशी, आणि तिसऱ्यांदा ठोकली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग ते रॉकेल घेऊन आले. फ्रेमला चोळलं, पुसलं, वरून खडू घासला आणि आम्ही तिघे बघत बसलो. दहा मिनिटांनी पॅडलच्या वरच्या जोडावर, पांढऱ्या खडूत, तड्यात मुरलेलं रॉकेल पाझरून केसाएवढी ओली रेघ उमटली. वरंधवाला पाया पडायला लागला. कोणाच्या पडावं हे न कळून त्याने दोघांच्या पडून टाकलं आणि गेला.

"फोर्काच्या टायमाला बी आलं व्हतं तुला ऐकायला?" नानांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मंग बोललीस का नाय?"

"तुम्ही खणखणीत म्हणालात."

"मी काय देव हाय? हाड तुझं व्हतं गो." तीन वर्षांत पहिल्यांदा ते हळू आवाजात बोलत होते. मला रडू फुटलं आणि नाना कुत्रीकडे बघत राहिले.

शेड आठ दिवस बंद होती. नवव्या दिवशी त्यांनी निरोप पाठवला, ये. तेव्हापासून नाना ठोकायचे आणि मी सांगायचे. एखादी महागाची फ्रेम असली, गिऱ्हाईक आशेने बघत असलं आणि मी जरा अडखळले, की खेकसायचे, तोंडं बघून बोलू नको. लोकांना वाटलं मला बढती मिळाली. वर्षभरात लॅबची नोकरी सोडली आणि आईने माझ्यावरची आशा सोडली. दोन्ही एकदमच झालं.

गेल्या दिवाळीनंतर नानांच्या छातीत पाणी झालं. महाडच्या दवाखान्यात दुपारच्या भेटीच्या वेळी डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला आणि मला दाराबाहेर नेऊन सांगितलं, आता घरी नेण्यात अर्थ नाही, फार तर चार-पाच दिवस. मुलगा डोंबिवलीहून आलेला, भला माणूस. आत गेला आणि हातवारे करून बापाला सांगितलं, दोन दिवसांत घरी. सुनेने तेच केलं. नर्सने अंगठा दाखवला. नाना सगळ्यांकडे एकेक करून बघत होते. मग त्यांनी मला जवळ बोलावलं.

"ही सगळी घरी जायचं म्हंतात. तू सांग."

चष्मा घरी राहिला होता, लिहून दाखवायची सोय नव्हती. आणि बहिऱ्या माणसाला असली गोष्ट कुजबुजून सांगता येत नाही. मी कानाशी वाकून सांगितलं. त्यांना कळलं नाही. जरा मोठ्याने सांगितलं. "काय?" मुलाने माझा दंड धरला, म्हणाला, ताई, नको. मी दंड सोडवून घेतला आणि जीव खाऊन ओरडले, "नाही नाना, घरी नाही जायचं आता." समोरच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. सून तोंडाला पदर लावून बाहेर गेली. माझ्या डोळ्यांतलं पाणी नानांच्या उशीवर पडत होतं.

नानांनी माझ्या हातावर दोनदा थोपटलं.

"आलं गो ऐकायला," ते म्हणाले. "वरडू नको."