दसऱ्याला उपसलेली मेमरी

पूर्णा गावात शेतं जाऊन गोदामं उठत होती, तेव्हा मी तिथल्या एका गोदामाचा सर्व्हर सांभाळायचो. चालू मशीनमधून मेमरीचा बोर्ड काढता येतो, हे विक्रेत्याचं वाक्य आमच्या शेठना फार आवडलं होतं. दसऱ्याला पाहुण्यांसमोर तो काढून कुंकू लावायचं त्यांनी ठरवलं. मशीन बंद करून पूजा काय, कापडाचे माग चालवणारे लूमवालेही करतात, असं त्यांचं म्हणणं.

मशीनचा कारभार कर्नल नावाचा मूळ प्रोग्राम बघतो. बोर्ड काढण्याआधी त्यावरची चालू कामाची सगळी माहिती त्याला दुसरीकडे हलवावी लागते. मी तसा हुकूम दिला. त्याने नकार दिला, कारण त्याचं स्वतःचं न हलणारं सामान तिथेच होतं.

"शेठ, थांबा. कर्नल अजून सोडत नाहीये."

"त्याला कोन इचारतो? मशीन माझी हाय!"

त्यांनी बोर्ड उपसला. मशीन बंद पडलं, पडदा काळा झाला. पाहुण्यांतले एक व्याही हसले.

शेठनी तोच बोर्ड माझ्या तोंडावर हाणला. मी पडलो, तेव्हा लाथा घातल्या. झेंडूच्या पाकळ्यांत माझा दात पडला. पाहुणे पेढे हातात धरून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी, ओठाला टाके असताना, मी मशीन पुन्हा उभं केलं. शेठ दारात हात मागे बांधून उभे होते.

"हात लावू का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवून नाही म्हणालो. ते दारातच थांबले.